‘आई, यंदा आपण दोघीच जाऊ या का?’

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते. मला दोन मुली. थोरली १० वर्षांची, धाकटी ६ वर्षांची. धाकटी स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. सात-आठ शब्द बोलते, तेही मनात आलं तर. नवरा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सासूबाई आमच्याजवळच असतात.

दोघींच्या शाळांना सुट्टी लागली. धाकटीच्या थेरपीच्या बाईही मे महिनाभर गावी जाणार. ऊन ४२-४३ वर गेलंय, सकाळी ९ नंतर दार उघडायची सोय नाही. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं आणि धाकटीला पाण्याचं वेड. भरून ठेवलेल्या पिंपाशी तास तास उभी राहते, तांब्या-तांब्यानं ओतून देते. सासूबाई चिडतात. त्यांचं तरी काय चुकतं, तेच पाणी पुरवायचं असतं. रात्री लाइट गेली की ही उठते आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

गेल्या मेमध्ये चुलत दिरांच्या लग्नाला गेलो होतो. कार्यालयात बँड सुरू झाला तशी हिनं अंग जमिनीवर टाकलं, माझ्या हाताला चावली. एक बाई म्हणाल्या, ‘अशा लेकराला आणावं कशाला?’ आम्ही न जेवता परत आलो. थोरलीनं हौसेनं नवा परकर-पोलका घातला होता. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

यंदा बार्शीहून भावानं बोलावलंय. मागच्या आठवड्यात थोरली हळूच म्हणाली, ‘आई, यंदा आपण दोघीच मामाकडे जाऊ या का?’ ताई, माझा हात उठला. ‘बहिणीला टाकून जायचं म्हणतेस, लाज नाही वाटत?’ असं मी तिला बोलले. ती रडली नाही, नुसती आत गेली. तेव्हापासून मला चैन नाही. कारण तिनं विचारलं त्या क्षणी मलाही जावंसं वाटलं होतं.

सुट्टीत धाकटीचं शिकलेलं मागे जाईल ही एक भीती आणि थोरलीचं बालपण माझ्या हातून निसटतंय ही दुसरी. मी काय करू?

— एक आई, सोलापूर

उत्तर

जा. दोघीच जा. तीन रात्री, फार तर चार. धाकटी आजीजवळ आणि बाबांजवळ राहील. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांच्या खाली हाच एक प्रश्न आहे.

पण बार्शीच्या गाडीत बसण्याआधी एक काम करा. थोरलीजवळ बसा आणि तिला सांगा, ‘तू काही वाईट मागितलं नव्हतंस. मीच चुकले.’ तिथंच थांबा. ‘पण तूही समजून घ्यायला हवं’ हे शेपूट त्याला लावू नका. तिनं आजवर पुष्कळ समजून घेतलंय. परकर-पोलक्यात, उपाशीपोटी, रिक्षात गप्प बसून घेतलंय. तिनं बहिणीला टाकायचं म्हटलंच नव्हतं. तिनं आई मागितली होती.

मी हे कुठल्या अधिकारानं सांगते, तेही सांगते. माझी धाकटी लेक आता २९ वर्षांची आहे. आम्ही सोलापूरच्याच पूर्व भागात राहायचो, दोन्ही अंगांना कापडाच्या मागांची घरं. ती ७ वर्षांची होईपर्यंत तिला नेमकं काय आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर मी कंबर कसली ती अशी की घरात दुसरी मुलगी आहे हे मला दिसेनासं झालं. थोरली शहाणी होती, हुशार होती, तक्रार करायची नाही. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, ‘ही म्हणजे हिची दुसरी आईच.’ आज ते वाक्य आठवलं की माझ्या पोटात कालवतं. नऊ वर्षांच्या पोरीला आई व्हायचं नसतं हो.

ती मोठी झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, लहानपणातलं तुला चांगलं काय आठवतं? मला वाटलं, महाबळेश्वरची सहल सांगेल, कारण तिच्यासाठी मी कर्ज काढलं होतं. ती म्हणाली, ‘आपण दोघी लोणच्याच्या कैऱ्या आणायला लक्ष्मी मंडईत गेलो होतो ना, ते. तू मला प्रत्येक कैरी दाबून बघायला दिलीस आणि मी नको म्हटलेली एकही घेतली नाहीस.’ मला तो दिवस आठवतसुद्धा नव्हता. जेमतेम पाऊण तास गेला असेल.

म्हणून माझा आग्रह आहे की सगळं चौघांनी मिळूनच करायचं, हा हट्ट सोडा. आपल्याकडे कुटुंब म्हणजे सगळे एका ताटावर, एका गाडीत, एका मांडवात. स्वमग्न मूल घरात असलं की याच हट्टापायी कुणाचीच सुट्टी नीट होत नाही. धाकटीला मांडवातल्या गोंगाटाचा त्रास, थोरलीला लाजेचा आणि तुम्हाला दोघींचा. काही गोष्टी दोघी-दोघींनी करा, काही बाप-लेकींनी, काही सगळ्यांनी. बार्शी तुमची आणि थोरलीची. तशीच एखादी गोष्ट फक्त धाकटीची आणि तुमची असू द्या, म्हणजे तराजू एकीकडे झुकल्यासारखं तुम्हाला वाटणार नाही.

आता शिकलेलं मागे जाण्याची भीती. थोडं जाईल. महिनाभराच्या खंडानं काही गोष्टी ढिल्या पडतात आणि शाळा सुरू झाली की बहुतेक पुन्हा बसतात. थेरपीच्या बाई गावी जाण्याआधी त्यांना एकच विचारा: ‘महिनाभर मी कोणती एक गोष्ट धरून ठेवू?’ दहा नकोत. मी दहा धरल्या होत्या. भिंतीवर तक्ते, ताटापाशी कार्डं, आंघोळीला रंगांची नावं. माझ्या लेकीला घरात आईच उरली नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत बाईच. माझ्या मतानं उन्हाळ्यासाठी सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे शी-शूची सवय, अजून बसली नसेल तर. अंगावर कपडे कमी असतात, चड्डी धुतली की तासाभरात वाळते आणि शाळेची घाई नसते.

राहिला दिवस. हा दिवस कसा लावायचा, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण उन्हाळा खरा जातो तो यातच.

स्वमग्न मुलाला सुट्टी म्हणजे आराम वाटत नाही. काल होतं ते आज नाही, उद्या काय ते माहीत नाही, असं ते असतं. शाळेची रिक्षा, डबा, घंटा, सगळे खुंटे एकदम उपटले जातात. तेव्हा घरचे चार खुंटे ठोका आणि ते चित्रानं दाखवा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर चार चित्रं पुरतात. उजाडताना बाहेर, मग न्याहारी, दुपारी अंधारी खोली, संध्याकाळी गच्ची. झालं की ते चित्र तिच्याच हातानं उलटं करायचं. आमच्या वेळी फोटो महाग होते, मी कॅलेंडरातली आणि काड्यापेटीवरची चित्रं कापून चिकटवायची. तुम्ही मोबाइलवर घरच्याच वस्तूंचे फोटो काढून छापून घ्या. कुठलीतरी गच्ची तिला कळणार नाही, तुमची गच्ची कळेल.

आणि त्या पट्टीशेजारी पाण्याच्या दिवसाचं कॅलेंडर लावा. सोलापुरात वाढलेल्या मुलाला सोमवार-मंगळवारापेक्षा पाण्याचा दिवस आधी कळतो. माझी लेक आठवडा म्हणून शिकली तो असाच, ‘नळ, नाही, नाही, नाही, नळ’. त्या दिवशी घरात धावपळ, मोटारीचा आवाज, पिंपं सरकवणं, सगळ्यांचे आवाज चढलेले. तिला आधी कळलं असलं तर तो दिवस तिचा सणसुद्धा होऊ शकतो. पाणी लांबलं तर नळाचं चित्र तिच्यासमोर पुढच्या चौकटीत सरकवा. बदल झालाय हे तिला डोळ्यांनी दिसू द्या.

पाण्याचं वेड मोडू नका. त्याला वाटा द्या. नळ आला की एक बादली तिची. रंग वेगळा, त्यावर तिचा फोटो. रोज ठरल्या वेळी त्यातलं अर्धी बादली पाणी परातीत, सोबत गाळणी, वाटी, स्पंज. बाकी पिंपांवर झाकण. परातीतलं पाणी शेवटी तिनंच तुळशीला आणि कुंड्यांना घालायचं. परात रिकामी झाली, संपलं. ‘संपलं’ हा शब्द माझ्या लेकीला शंभर वेळा सांगून कळला नाही, तो रिकाम्या परातीनं कळला. सासूबाईंचं पाणीही वाया जात नाही. अर्धी बादली उचलून कुंडीपर्यंत नेणं हे तिच्या अंगालाही चांगलं. ओढणं, ढकलणं, उचलणं अशा जड कामांनी पुष्कळ मुलं शांत होतात.

एक गोष्ट मात्र आज, हे वाचून झाल्या झाल्या करा. जमिनीतल्या टाकीच्या आणि हौदाच्या झाकणाला कुलूप घाला. भरलेली बादली न्हाणीघरात उघडी ठेवू नका. स्वमग्न मुलं न सांगता घराबाहेर निघून जाऊ शकतात आणि पुष्कळ जणांना पाण्याची ओढ असते, म्हणून बुडण्याचा धोका त्यांना फार मोठा आहे. पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी न्यायला हरकत नाही, त्या वेळी वारा असतो आणि गर्दी कमी. पण तिथं तिचं मनगट सोडायचं नाही, फोन उचलायलासुद्धा नाही. त्यापेक्षा मला भुईकोट किल्ल्याजवळची हुतात्मा बाग बरी वाटते. तुमच्या मुलीला जिथं पळायला मिळेल आणि तुम्हाला श्वास घेता येईल ती जागा चांगली.

आवाजाबद्दल. लोक म्हणतात, या मुलांना आवाज सहन होत नाही. माझी लेक मागांच्या खटखटीत गाढ झोपायची. रात्री वीज गेली, माग थांबले की त्या शांततेनं दचकून उठायची. पण शेजारचा मिक्सर लागला की कानावर हात. पुष्कळ वर्षांनी मला उमगलं की तिला मोठ्या आवाजाचं भय नव्हतं, अवचित येणाऱ्या आवाजाचं होतं. तुमच्याकडेही रात्री लाइट जाते तेव्हा पंख्याचा आवाज जातो, कोपऱ्यातला लहान दिवा जातो, वारा जातो, तिघं एकदम जातात. बॅटरीवरचा छोटा पंखा आणि दिवा तिच्या उशाशी रोजच चालू ठेवून झोपवा. मग लाइट गेली तरी तिचं जग जागच्या जागी राहील. शिवाय दिवसा एक-दोनदा मुद्दाम मेन स्विच बंद करून ‘लाइट गेली, विंझणा घे’ हा खेळ खेळा. थोरलीला हा खेळ फार आवडेल बघा.

दुपारी मुलीला तहान लागली हे कळेलच असं नाही आणि कळलं तरी ती सांगेल असं नाही. म्हणून तहानेची वाट बघू नका, घड्याळाकडे बघून पाजा. पाणी, ताक, पन्हं, जे तिला चालतं ते, घोट-घोट. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय असं समजा. फिट्सची किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा की याच्यानं घाम कमी होतो का. काही औषधांनी होतो, आणि आपल्याकडच्या उन्हात ते ठाऊक असायलाच हवं.

खाण्यावरून भांडू नका. माझ्या लेकीनं एक अख्खा उन्हाळा कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर काढला. आंबा तिनं तोंडात घेतला नाही, सगळं घर हळहळलं. पण आंबा एका घासाला गोड, दुसऱ्याला आंबट, मध्येच रेषा. कडक भाकरी पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत सारखी वाजते. तिला तोच भरवसा हवा होता.

आणि वाळवणं! सासूबाई कुरडया, सांडगे घालत असतील तर धाकटीला त्यांच्या हाताखाली द्या. पहाटे साडेपाच-सहाला गच्चीवर. चीक हाताला चिकटतो, तो तिला कदाचित नको होईल, जबरदस्ती नको. पण प्लॅस्टिकचा कागद पसरणं, त्याच्या कोपऱ्यांवर चार दगड ठेवणं, सांडगे ओळीत मोजून मांडणं, ही कामं स्वमग्न मुलाच्या हाताला शोभतात. माझ्या सासूबाई माझ्या लेकीवर कायम चिडलेल्या असायच्या. एका मेमध्ये तिनं सांडग्यांच्या ओळी अशा सरळ घातल्या की त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवल्या. तेव्हापासून त्यांनी तिला ‘वेडी’ म्हणणं सोडलं. तुमच्या सासूबाईंना नात सांभाळायला सांगू नका, कामाला मदतनीस द्या. दोघींची गाठ तिथं पडली तर तुमच्या बार्शीच्या तीन रात्री सोप्या जातील.

लग्नाचं थोडक्यात. यंदाही आमंत्रणं येतील. हळदीला घरी जाऊन या, नाहीतर पहिल्या पंगतीला जेवून बँडच्या आधी बाहेर पडा. तिच्यासाठी कानावर बसणारे आवाज अडवणारे मफ घ्या आणि लग्नाआधी आठ दिवस घरी घालून सवय करा. एका मोठ्या माणसानं चपला हाताशी ठेवून फक्त तिच्याकडे बघायचं. थोरली तेव्हा त्या ड्युटीवर नको, तिला मांडवात मिरवू द्या. आणि ‘आणावं कशाला’ म्हणणाऱ्यांना सांगा, ‘ती घरची आहे म्हणून.’ याहून जास्त बोलण्यात शक्ती घालवू नका.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण सुट्टीत तेवढी सवड मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता ही स्वतंत्र नोंद आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून नसेल तर काढून ठेवा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च धरतात.

आता बार्शी. माझ्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. लेक ५ वर्षांची असताना मला माहेरी एका बारशाला जायचं होतं. ती झोपली होती, उठली तर रडेल म्हणून मी न सांगता गेले. परत आले तेव्हा ती दारात बसून होती, माझी घरातली चप्पल मांडीवर घेऊन. तीन तास ती तिथून हलली नव्हती. पुढे कित्येक महिने मी न्हाणीघरात गेले तरी ती दाराशी बसायची. रडणं टाळायला गेले आणि तिचा माझ्यावरचा भरवसा घालवून बसले. लेकरू रडलं तरी चालेल, त्याच्यासमोरून निघा.

आधी तालीम करा. पहिल्या आठवड्यात एक दुपार, दोघी मिळून मंडईत जाऊन या. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. मग एक रात्र जवळपास कुणाकडे तरी. तीन रात्रींपैकी दोन दिवस तिच्या बाबांनी रजा घ्यावी, हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून लिहितेय. आजीच्या वयाला एकटीनं झेपणार नाही आणि बापालाही लेकीच्या सवयी हातानं कळायला हव्यात. त्यांना लिहून द्या: कोणती वाटी, कोणत्या कुशीवर झोप, दचकली तर पाठीवर थापटायचं की नुसतं शेजारी बसायचं.

पुठ्ठ्यावर एका टोकाला घराचा फोटो, दुसऱ्या टोकाला तुमचा, मध्ये तुमच्याच पाकिटातल्या तीन टिकल्या. रोज सकाळी उठल्यावर तिनं एक काढून आरशावर लावायची. टिकल्या संपल्या की आई. निघायच्या आदल्या दिवसापासून तुम्ही नेसलेली साधी साडी न धुता तिच्या उशीवर घाला.

बार्शीत गेल्यावर थोरलीला वाट्टेल ते करू द्या. भगवंताच्या देवळात जा, मामेभावंडांबरोबर रात्री उशिरापर्यंत पत्ते खेळू द्या, आणि एखादा तास फक्त तुम्ही दोघी. तेव्हा कदाचित ती विचारेल, ‘मी मोठी झाल्यावर हिला मीच सांभाळायचं का?’ माझ्या थोरलीनं ११ व्या वर्षी विचारलं होतं आणि मी घाईनं ‘मग, बहीण नाही का तुझी!’ म्हणून मोकळी झाले होते. तुम्ही म्हणा, ‘ते ठरवणं माझं आणि बाबांचं काम आहे, आम्ही ते करतोय. तू तिची ताई राहा, एवढं पुरे.’ आणि मग खरोखरच ते काम करा.

घरी फोन रोज एकाच वेळी, साडेआठ म्हटलं तर साडेआठ. व्हिडिओ नको. चेहरा दिसला आणि माणूस आलं नाही की काही मुलं जास्त बिथरतात. धाकटी बोलणार नाही, पण फोन तिच्या कानाशी धरायला सांगा. रोज झोपवताना जे म्हणता तेच म्हणा, त्याच शब्दांत. पलीकडून काही आलं नाही तरी थांबा. फोन तुम्ही ठेवू नका, तिला ठेवू द्या.